इचोड्याची तीन मिनिटं

आदिलाबादहून निर्मलला जाणारी आमची बस इचोड्याच्या थांब्यावर तीन मिनिटं थांबते. कागदावर तीन. चढणारे, उतरणारे, गाठोडी, जागेवरून भांडणं आणि पिशवीच्या तळाशी आधार कार्ड शोधणाऱ्या बाया धरल्या तर चार-साडेचारही होतात, पण मी तीनच धरते. वरचा वेळ माझा नसतो. इचोड्याला माझं माहेर आहे. माहेर म्हणजे थांब्यापासून दोन गल्ल्या आत दोन खोल्यांचं घर आणि त्यात एकटे राहणारे बाबा. मी अकरा वर्षं कंडक्टर आहे, आणि त्यातली अलीकडची तीन वर्षं मी माहेरी गेले ती बहुतेक अशीच, बसच्या पायरीपर्यंत.

आम्ही राहतो आदिलाबादला, डेपोच्या जवळ. नवरा मंडल कार्यालयात कारकून आहे. त्याचं दफ्तर दहाला उघडतं, पाचला बंद होतं, आणि सगळ्या जगाचं असंच असतं अशी त्याची समजूत आहे. मुलगी वसतिगृहाच्या सरकारी शाळेत नववीला. आई जाऊन सहा वर्षं झाली. बाबांना आदिलाबादला या म्हटलं की म्हणायचे, तिथं माह्या वळखीचं कोन हाय? मी हाय ना, असं मी म्हणायचे, आणि ते नुसते हसायचे. त्या हसण्याचा अर्थ मला तेव्हा समजला असता तर बरं झालं असतं, पण मला बस गाठायची असायची.

दुसऱ्या दिवशीची डूटी आदल्या संध्याकाळी डेपोतल्या फळ्यावर लागते. त्या फळ्यासमोर उभं राहून मी भाच्याचं लग्न चुकवलंय, मुलीच्या शाळेतली पालकसभा चुकवलीये, वाढदिवस तर किती ते आता आठवतही नाहीत. बायकांना बसप्रवास मोफत झाल्यापासून गाड्या भरून वाहतात आणि माणसं मात्र आहेत तेवढीच. मग डबल. आपल्या पाळीच्या आधी नाहीतर नंतर आणखी एक फेरी मारली की तिला आमच्यात डबल म्हणतात. पहाटे साडेचारची गाडी घ्यायची, निर्मलला जाऊन सव्वाआठला परत यायचं आणि साडेआठला आपली नेहमीची पाळी सुरू करायची. मधल्या पंधरा मिनिटांत चहा, बाथरूम आणि तिकिटाच्या मशीनमध्ये कागदाचा नवा रोल.

डबल घ्यायचीच तर मी निर्मलची मागून घ्यायची. त्यात माझा एक हिशेब होता. नेहमीच्या पाळीत दोन जाणं आणि दोन येणं, म्हणजे इचोडा चार वेळा. पहाटेची फेरी धरली तर सहा वेळा. सहा त्रिक अठरा. रोज अठरा मिनिटं बाबांसोबत! हे मी नवऱ्याला सांगितलं तेव्हा तो भाकरी मोडता मोडता थांबला.

"मंग सुट्टी घेऊन एक दिवस तिकडं जात काऊन नाई तू?"

"सुट्टी भेटते काय?"

मागून पाहिली का, असं त्यानं विचारलं नाही. बरं झालं, कारण मी मागितलीच नव्हती.

खरं सांगायचं तर मला डूटी सोपी वाटायला लागली होती. बसमध्ये सगळी वाक्यं तयार असतात. कुठं, किती, कार्ड दाखवा, पुढं सरका, आणि तेच तेलुगूत, जरगंडी. घरी गेल्यावर मात्र काय बोलायचं ते सुचायचं नाही. नवरा दफ्तरातलं काही सांगायचा आणि मी त्याच्या तोंडाकडे बघत असायचे, ऐकत नसायचे. एकदा स्वयंपाकघरात तो मध्ये उभा होता तर मी त्याला म्हणाले, पुढं सरका. तो हसला. मी हसले नाही, कारण मला काय झालं तेच कळलं नव्हतं. मुलगी सुट्टीत आली की पहिल्या दिवशी तिला जवळ घ्यायची, आणि दुसऱ्या दिवशी फळ्यावर माझं नाव दिसलं की आतून हलकं वाटायचं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही. लाज वाटायला हवी होती, तीही धड वाटायची नाही.

बाबा आधी लोकांच्या शेतात राबले आणि मग शाळेत शिपाई लागले. सव्वीस वर्षं त्यांनी शाळेची घंटा दिली. त्यामुळे वेळ त्यांच्या अंगात मुरलेली. बस यायच्या दहा मिनिटं आधी ते थांब्यावरच्या चहाच्या टपरीजवळ उभे असायचे. धुतलेला पांढरा सदरा, हातात स्टीलचा छोटा डबा. सकाळी सव्वानऊच्या बसला भरलेला डबा द्यायचा आणि साडेबाराला मी परत फिरले की रिकामा घेऊन जायचा, हा आमचा रिवाज. डब्यात ज्वारीची भाकरी आणि कधी अंबाडीची भाजी, कधी ठेचा. आई गेल्यावर ते स्वतः शिकले. भाकरी जाड व्हायची, कडा कच्च्या राहायच्या, तरी मी निर्मलच्या स्टँडवर बसून ती सगळी खायची.

मी पायरीवर, ते खाली. बोलणं ठरलेलं.

"जेवली काय वं?"

"जेवली."

"झोप झाली?"

"झाली."

"नातीचा फोन?"

"आला होता. बरी हाय."

मग माझी पाळी. "गोळी घेतली?" "घेतली." "गुडघा?" "बरा हाय." आणि मी शिट्टी मारायची. या सगळ्यात खरं किती होतं कोण जाणे. मी जेवलेली नसायचे, झोपलेली तर त्याहून नसायचे. त्यांनी गोळी घेतलेली असायची की नाही हे मी कधी बघायला गेले नाही. पण दोघांनाही आपापली उत्तरं पाठ होती आणि सहा वेळा ती म्हटली की दिवस नीट गेल्यासारखा वाटायचा.

पहिल्यांदा बोलला तो माझा ड्रायव्हर. वयस्कर माणूस, इचोड्याला उतरून बाबांच्या शेजारी उभा राहून चहा मारायचा. एक दिवस गाडी नेरडीगोंड्याच्या पुढं गेल्यावर म्हणाला, "मॅडम, तुम्हारे अब्बा आज मेरेकू नाम पूछे. तीन साल से साथ में चाय पी रहे."

"बुढापा है," मी म्हणाले.

"हौ, लेकिन जरा दिखा लो."

मला राग आला. तासभर मी त्याच्याशी बोलले नाही. माझे वडील मला माहीत नसतील का? दिवसातून सहा वेळा बघते मी त्यांना. असं मी मनात चार वेळा म्हणाले आणि मग एका बाईशी कार्डावरून भांडले. तिच्या कार्डावरचा फोटो तिच्यासारखा दिसत नव्हता, एवढाच तिचा गुन्हा.

त्यानंतर आठवड्याभरात डब्यात पीठ निघालं. नुसतं ज्वारीचं कोरडं पीठ, वर हिरवी मिरची ठेवलेली. निर्मलच्या बाकावर मी डबा उघडला आणि मला हसू आलं. घाईत असतील, चुकून दुसरा डबा उचलला असेल, असं धरून मी समोरच्या गाड्यावर इडली खाल्ली. पीठ ओतून दिलं, डबा धुतला आणि साडेबाराला त्यांच्या हातात रिकामा ठेवला. "जेवली काय वं?" त्यांनी विचारलं. "जेवली, भाजी मस्त होती," मी म्हणाले. ते खूश झाले. आज मागं बघताना मला सगळ्यात जास्त हेच टोचतं. त्या दिवशी मी नुसतं म्हणाले असते की बाबा, पीठ होतं, तर त्यांच्या तोंडावर काय उमटतं ते तरी मला दिसलं असतं. पण पीठ होतं म्हटलं तर बोलणं लांबलं असतं, आणि माझ्याकडे तीनच मिनिटं होती.

दसऱ्याच्या सुट्टीत मुलगी आली आणि दोन दिवस आजोबांकडे राहून आदिलाबादला परतली. मी तेव्हा पाय बादलीत घालून बसले होते. ती समोर बसली आणि म्हणाली, "आई, आजोबा मले वळखत नाई."

"काहीतरीच. कोन म्हनते?"

"तुह्या नावानं हाका मारत होते मले. मंग दुसऱ्या दिवशी पुसलं, तू कोनाची पोरगी. आन् आजी बजारातून कवा येते, म्हणून दाराकडं पाहत बसले."

"माह्यासंग तर चांगले बोलतात."

"किती वेळ बोलतात?"

तिनं हे चिडून विचारलं नाही. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं. मी पाय बादलीतून काढले, पुसले आणि उद्याची डूटी काय लागली ते बघायला जाते म्हणाले. फळ्यासमोर उभी राहिले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी चप्पल घातलेली नाही.

सुट्टी मागितली. डेपोचे साहेब तेलुगूत "लेदम्मा" म्हणाले, म्हणजे नाही. सणाची गर्दी, कोण चालवणार गाड्या? ते वाईट नाहीत, त्यांच्याही डोक्यावर कोणी बसलेलं असतं. मी तिथंच उभी राहिले. जागची हललेच नाही. शेवटी माझा साप्ताहिक रेस्ट आणि त्याला जोडून दोन दिवस मिळाले.

पहिल्या दिवशी मी साध्या प्रवाशासारखी बसमध्ये चढले, कार्ड दाखवलं, शून्याचं तिकीट घेतलं. डूटीचा कोट नाही, शिट्टी नाही, मशीन नाही. मुद्दाम चांगली साडी नेसले होते. आठ वाजून गेले होते तेव्हा घरी पोचले. बाबा अंगणात सदरा वाळत घालत होते.

"जय भीम, बाबा."

"जय भीम, जय भीम," त्यांनी हात जोडले. "या. आपल्याच हाय म्हना. बसा ना, तुमी कोन्या गावच्या?"

मी बसले. दुसरं काय करायचं? त्यांनी आतून तांब्या-पेला आणून दिला. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, शेजारी बुद्ध, खाली शाळेतल्या निरोपाच्या दिवसाचा फोटो. त्या फोटोत मी त्यांच्या बाजूला उभी आहे, हातात हार घेऊन. घर स्वच्छ होतं. चुलीजवळ तीन डबे ओळीनं ठेवलेले होते, तिन्ही रिकामे.

"मी आदिलाबादची," मी म्हणाले.

"अरे वा! माही पोरगीबी तिथंच हाय. कंडक्टर हाय बसवर." त्यांची मान ताठ झाली. "सव्वानऊच्या गाडीनं येते. तुमी बसा, मी भेटून येतो तिले."

मला वाटलं आता रडू येईल. आलं नाही. एका कुशीवर फार वेळ झोपल्यावर हात बधिर होतो, तो आपला आहे हे दिसतं पण कळत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. मी म्हणाले, "बाबा, मीच हाय ना. मी आली." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, आदरानं पाहिलं, आणि म्हणाले, "हो, तुमी आल्या, चांगलं झालं. जेवूनच जा."

नऊ वाजता त्यांनी सदरा घातला, ओलाच. एक डबा उचलला, हलवून पाहिला, त्यात काय घालावं ते त्यांना सुचेना. मी पटकन पिशवीतली पोळी-भाजी काढून त्यात भरली. मला त्यांनी "लई उपकार" म्हटलं. मग पुढं ते आणि मागं मी, दोन गल्ल्या चालून आम्ही थांब्यावर गेलो. रस्ता त्यांना बरोबर माहीत होता. टपरीवाल्यानं त्यांना बघून चहा ओतला आणि मला बघून नजर खाली घातली. त्याला सगळं आधीच माहीत होतं.

बस आली. गाडीवर माझाच ड्रायव्हर आणि माझ्या जागी डेपोतली एक नवी मुलगी, वर्षभरापूर्वी लागलेली. कोट, गळ्यात शिट्टी, हातात मशीन. बाबा पायरीजवळ गेले आणि डबा वर केला.

"जेवली काय वं?"

ती गोंधळली. तिनं ड्रायव्हरकडे पाहिलं, मग गर्दीच्या मागं उभी असलेली मी तिला दिसले. मी मान हलवली. हो म्हण, एवढंच.

"जेवली, बाबा," ती म्हणाली.

"झोप झाली?"

"झाली."

"नातीचा फोन?"

तिचं लग्नही झालेलं नाही. "आला होता," ती म्हणाली आणि डबा घेतला. ड्रायव्हर समोर काचेतून बघत बसला होता. त्यानं त्या दिवशी गाडी सहा मिनिटं थांबवली. गाडी गेली तेव्हा बाबा हात वर करून उभे राहिले, ती वळणाआड जाईपर्यंत. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "भेटली पोरगी. बरी हाय."

मधला दिवस सोडला तर ते तीन दिवस मी त्यांच्या घरी पाहुणी म्हणून राहिले. त्यांनी पाहुणचारात काही कमी केलं नाही. मधल्या दिवशी पहाटेच्या गाडीनं त्यांना आदिलाबादला आणलं आणि संध्याकाळी डॉक्टरला दाखवलं. त्यानं आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या आणि हे मागं फिरणार नाही असंही सांगितलं. रोज दिसत असताना तुमच्या लक्षात कसं आलं नाही, असं त्यानं विचारलं. तीन मिनिटांपुरतं तर ते ठीकच होते. तेवढ्यापुरतं शहाणं राहायला त्यांनी किती ताकद लावली असेल? आणि ते माझ्यासाठी ती ताकद जमवायचे तेव्हा मी मशीनमधला कागद बघत असायचे.

त्या दिवशी त्यांना आमच्या घरी ठेवून पाहिलं. सव्वानऊला ते दारात जाऊन उभे राहिले, साडेबाराला परत, अडीचला परत. कोणती गाडी येणार होती तिथं? नवरा दफ्तरात रजा टाकून त्यांच्या शेजारी उभा राहून काहीबाही बोलत होता. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "त्यायले तिकडंच नेऊन सोड. इथं तू त्यायले भेटून नाई राह्यली." त्याच्या तोंडून इतकं खरं वाक्य मी बऱ्याच वर्षांत ऐकलं नव्हतं, किंवा त्यानं म्हटलंही असेल, मी ऐकलं नसेल. शेजारच्या मावशी आता बाबांचा स्वयंपाक करतात, डबाही त्याच भरतात, आणि गल्लीतून बाहेर पडले की लक्ष ठेवतात.

मी डूटीवर रुजू झाले त्या सकाळी सव्वानऊला बाबा थांब्यावर होते. कोटात मला बघून त्यांचा चेहरा उजळला.

"जेवली काय वं?"

"नाई जेवली, बाबा," मी म्हणाले. "झोप बी नाई झाली." ठरवूनच आले होते की आता खरं बोलायचं, सगळं खरं.

त्यांचा हात डब्यासकट थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग बसवरची पाटी पाहिली, मग मागं टपरीकडं पाहिलं. चुकीच्या गाडीपाशी आलो की काय, असं त्यांना वाटायला लागलं होतं. त्यांचे ओठ हलत होते, पुढचा प्रश्न सापडत नव्हता. त्यांना एवढं घाबरलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

"जेवली, जेवली," मी घाईनं म्हणाले. "झोप झाली. पोरीचा फोन बी आला."

ते शांत झाले. डबा माझ्या हातात दिला. मी शिट्टी मारली.

आता मी डबल घेत नाही. साहेबांना तसं लिहून दिलं, त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या आणि ठेवून घेतलं. रेस्ट मात्र दर आठवड्याला घेते. डेपोत आम्ही मशीन एकमेकींच्या हातात देतो तेव्हा चार गोष्टी सांगतो, चार्जिंग कमी आहे, कागद अडकतो, मागचं दार नीट लागत नाही. निर्मलच्या गाडीला त्यात एक जास्तीची गोष्ट आहे. इचोड्याला बाबा येतील, जेवली म्हणायचं. सगळ्या बायांना पाठ झालंय. एक जण तर डबा खाऊन, धुऊन, आत कधी पेढा, कधी केळं ठेवून परत देते.

रेस्टच्या दिवशी मी इचोड्याला जाते. जय भीम म्हणते, पेल्यातून पाणी पिते आणि नऊ वाजता बाबांसोबत थांब्यावर जाऊन माझी वाट बघते. गेल्या आठवड्यात गाडीला उशीर झाला. टपरीच्या बाकावर आम्ही दोघं अर्धा तास बसलो होतो. इतका वेळ सलग त्यांच्या शेजारी मी कित्येक वर्षांत बसले नव्हते. त्यांनी मला अर्धा चहा बशीत ओतून दिला. रस्त्याकडे बघत, पाहुण्या बाईला आपल्या पोरीबद्दल वाईट वाटू नये म्हणून, समजावणीच्या सुरात म्हणाले, "डूटी लई कडक हाय तिची. नाई तर घरी आली असती."

"हो," मी म्हणाले. "आली असती."